नव्या नौकेचा सौदा आणि विक्रेत्याच्या माणसाचा शब्द

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. ६१ दिवसांच्या या बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी विणली जातात, मशीन उघडली जातात आणि ज्यांची जुनी नौका आता पाण्यात घालण्याजोगी उरलेली नाही ते नव्या नौकेच्या शोधात बाहेर पडतात. १ ऑगस्टला हंगाम उघडतो. त्या दिवशी नौका धक्क्याला लागलेली असली पाहिजे, तिच्यात बर्फ व डिझेल भरलेले असले पाहिजे आणि परवान्याचे कागद तांडेलाच्या हाती असले पाहिजेत. हंगामाचे पहिले आठवडे हे वर्षाच्या कमाईचे आठवडे असतात. ते हुकले की ती भरपाई पुढे होत नाही. नौकेच्या खरेदीतील फसवणूक आणि दिरंगाई यांचा विचार या दिनदर्शिकेपासून सुरू करावा लागतो, कारण विक्रेत्याकडील माणसाला ग्राहकाची ही घाई पुरती ठाऊक असते.

पूर्वी हा प्रश्न अशा स्वरूपात उभा राहत नव्हता. वसईपासून मालवणपर्यंत लाकडी होड्या बांधणारे सुतार व मिस्त्री त्याच पंचक्रोशीतले असत. लाकूड कोठून आणले, फळ्या कशा बसविल्या, हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घडे. होडी गळू लागली तर मिस्त्री पळून जाणार कोठे? दुसऱ्याच दिवशी तो बंदरावर भेटत असे. फायबरच्या नौका आल्या, परदेशी बनावटीची आउटबोर्ड मशीन आली, सागरी डिझेल इंजिनांच्या वितरकांनी शहरांत कार्यालये थाटली आणि व्यवहाराचे स्वरूप पालटले. आज नौकेचे कवच एका कारखान्यात तयार होते, मशीन दुसऱ्याच वितरकाकडून येते, गिअरबॉक्स, पंखा व शाफ्ट बसविणारा कारागीर तिसरा असतो आणि मासे शोधणारे यंत्र व वायरलेस संच चौथ्याकडून घ्यावे लागतात. ग्राहकाच्या दृष्टीने ती एकच नौका. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते चार स्वतंत्र करार असतात. नौकेचा वेग ठरल्याप्रमाणे येत नसेल तर मशीनवाला कवचाच्या वजनाकडे बोट दाखवितो, कवचवाला पंख्याच्या मापाकडे आणि पंखा बसविणारा पुन्हा मशीनच्या अश्वशक्तीकडे.

या साखळीत ग्राहकाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो बहुधा वितरकाच्या विक्री-प्रतिनिधीशी. हा प्रतिनिधी वाईटच असतो असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या नोकरीची रचनाच अशी असते की त्याचा शब्द आणि मालकाची जबाबदारी यांत अंतर पडते. त्याला महिन्याचे लक्ष्य दिलेले असते, पगाराचा काही भाग विक्रीवरील मोबदल्यातून येतो आणि तो मोबदला मागणी नोंदविली की मिळतो. मशीन वेळेवर बसले की नाही याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. मार्चअखेरीस "जुलैच्या पहिल्या आठवड्यात नौका देतो" असे सांगणारा माणूस जुलैमध्ये त्या कार्यालयात असेलच याची शाश्वती नसते. त्याच्या जागी आलेला नवा माणूस नम्रपणे सांगतो की नोंदवहीत असे काही लिहिलेले नाही. आणि तो खोटे बोलत नसतो. खरोखरच काही लिहिलेले नसते.

समजा, रायगड जिल्ह्यातील एखाद्या मच्छिमाराने बँकेचे कर्ज घेऊन लहान यांत्रिक नौकेसाठी मशीन नोंदविले. प्रतिनिधीने नवे मशीन दाखविले, एका मापाची अश्वशक्ती सांगितली, दोन वर्षांची हमी दिली, "पहिल्या दोन सर्व्हिसिंगला आमचा माणूस बंदरावर येईल" असेही सांगितले आणि बयाण्यातील काही रक्कम सवलतीच्या नावाखाली रोखीने घेतली. प्रत्यक्षात मशीन ऑगस्टच्या मध्यावर आले. हमीपत्रावर एकच वर्ष छापलेले, आणि तेही ठराविक तासांपुरते. बंदरावर कोणी आले नाही. रोखीच्या रकमेची पावती नाही. या प्रसंगात कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो? उत्तर सरळ नाही, आणि त्यातील प्रत्येक तपशिलाचे उत्तर वेगळे आहे.

पहिला प्रश्न असा की हा मच्छिमार कायद्याच्या अर्थाने ग्राहक आहे काय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला त्याने ग्राहक मानलेले नाही. मात्र जो माणूस केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालविण्यासाठी वस्तू घेतो आणि स्वतः वापरतो त्याची खरेदी व्यापारी हेतूची समजली जात नाही, असे स्पष्टीकरण त्यात आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात या वाक्याचा अर्थ लावला होता. स्वतः टॅक्सी चालविणारा माणूस ग्राहक ठरतो. मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून त्याचा हा हक्क जात नाही. परंतु यंत्र पूर्णतः दुसऱ्यानेच चालवावे या हेतूने घेतले असेल तर खरेदीदार ग्राहक राहत नाही, असा त्याचा आशय आहे. २०१९ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयाच्या न्यासासंबंधीच्या निकालात न्यायालयाने खरेदीमागील प्रधान हेतू पाहण्याची कसोटी आणखी स्पष्ट केली.

ही कसोटी किनाऱ्यावर लावली की अडचण दिसू लागते. स्वतः सुकाणू धरणारा, भावाला किंवा मुलाला बरोबर घेऊन जाणारा लहान नौकेचा मालक निःसंशय ग्राहक आहे. मोठ्या ट्रॉलरवर मात्र तांडेलासह सात-आठ खलाशी असतात, मालक अनेकदा किनाऱ्यावरच राहून माशांचा लिलाव व हिशेब पाहतो. तो आपल्या उपजीविकेसाठीच झटत असतो. तरी "स्वयंरोजगार" या शब्दात तो बसतो की नाही यावर विक्रेत्याचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेणार हे ठरलेले आहे. दोन किंवा तीन नौका असलेल्याची बाजू तर अधिकच दुबळी होते. पर्यटकांना फिरविण्यासाठी तारकर्ली किंवा अलिबागच्या बाजूला नौका घेणाऱ्या तरुणालाही हाच प्रश्न विचारला जाईल. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात नौका कोण चालवितो, घरातील किती माणसे तिच्यावर काम करतात आणि उत्पन्नाचे दुसरे साधन आहे काय हे मांडणे आवश्यक ठरते. अनेक तक्रारींत नेमके हेच लिहायचे राहून जाते.

ग्राहक म्हणून उभे राहता आले तर कायद्याच्या काही सोयी खरोखर मोलाच्या आहेत. वितरक मुंबईत, कोचीत वा चेन्नईत असला तरी तक्रार आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगात करता येते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. कोणत्या आयोगाकडे जावयाचे हे वस्तूसाठी दिलेल्या किमतीवरून ठरते. २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग अशी विभागणी आहे. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. विरुद्ध पक्षाला म्हणणे मांडण्यास ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. या ४५ दिवसांपलीकडे सवलत देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले. मात्र तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचे जे उद्दिष्ट कायद्यात लिहिले आहे ते व्यवहारात क्वचितच गाठले जाते, हेही मान्य करावयास हवे.

खरा पेच जबाबदारी कोणाची या प्रश्नात आहे. वितरकाचा माणूस म्हणजे निर्मात्या कंपनीचाच माणूस असा सर्वसामान्यांचा समज असतो. दुकानावरची पाटी, शर्टावरचे चिन्ह, छापील पुस्तिका, सारे कंपनीचे. गोव्यातील एका मोटार-खरेदीच्या प्रकरणात या समजाला धक्का बसला. खरेदीदाराने २०११ सालच्या गाडीचे पैसे भरले. हाती आली ती २००९ सालची, आणि तीही ६२२ किलोमीटर धावलेली. खालच्या आयोगांनी वितरकाबरोबर निर्मात्यालाही जबाबदार धरले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्मात्याला त्यातून मोकळे केले. निर्माता व वितरक यांच्यातील करार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला असेल आणि वितरकाच्या त्या विशिष्ट कृत्याची निर्मात्याला माहिती होती हे सिद्ध झाले नसेल, तर केवळ नाव लावल्यामुळे निर्मात्यावर दायित्व येत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. मोटारीला जे लागू ते नौकेच्या मशीनलाही लागू. मशीनमध्ये निर्मितीचा दोष असेल तर प्रश्न निराळा. पण जुने मशीन नवे म्हणून दिले, किंवा शब्द देऊन पाळला नाही, तर दाद वितरकाकडेच मागावी लागेल. वितरकाचे दुकान तोवर बंद झाले असेल तर हाती आलेल्या निकालाचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच. निर्मात्याला वेळीच लेखी कळविणे यासाठी महत्त्वाचे आहे. आपल्याला माहितीच नव्हती असे म्हणण्याची वाट त्यामुळे निदान त्यापुढच्या काळापुरती तरी बंद होते.

वितरक आणि त्याचा नोकर यांच्यातील नाते मात्र अधिक घट्ट आहे. धंद्याच्या ओघात प्रतिनिधीने केलेली खोटी बतावणी ही मालकानेच केली असे समजले जाते, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील तत्त्व आहे. पण "धंद्याच्या ओघात" या शब्दांना धार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात दिलेला निकाल या संदर्भात आजही वाचण्याजोगा आहे. खातेदार महिलेने ओळखीच्या बँक-कर्मचाऱ्याकडे खात्यात भरण्यासाठी पैसे दिले, त्याने ते गिळंकृत केले आणि बँकेला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही असे न्यायालयाने ठरविले. कारण तो माणूस ते काम बँकेचा नोकर म्हणून करीत नव्हता, खातेदाराचा विश्वासू म्हणून करीत होता. प्रतिनिधीच्या हाती दिलेल्या रोख रकमेचे, किंवा त्याच्या वैयक्तिक खात्यात मोबाइलवरून पाठविलेल्या पैशाचे भवितव्य या निकालात स्पष्ट दिसते. गावचा, ओळखीचा, नात्यातला म्हणून ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच विश्वासाचा आधार घेऊन मालक हात झटकू शकतो.

ग्राहक या व्याख्येबाहेर पडलेल्या नौकामालकाला दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो आणि तेथे १९३० चा मालविक्री कायदा लागू होतो. हा कायदा जुना असला तरी त्यातील तीन गोष्टी नौका घेणाऱ्याने आधीच समजून घ्याव्यात अशा आहेत. खरेदीदाराने वस्तू कशासाठी हवी हे विक्रेत्याला सांगितले आणि त्याच्या जाणतेपणावर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामास योग्य असली पाहिजे अशी शर्त कायदा आपोआप मानतो. परंतु याच कलमाला एक अपवाद जोडलेला आहे. विशिष्ट व्यापारी नावाची ठराविक वस्तू मागितली तर ही शर्त राहत नाही. मागणीपत्रावर अमुक कंपनीचे अमुक क्रमांकाचे मशीन एवढेच लिहिले, तर ते आपल्या नौकेला पेलत नाही ही तक्रार पुढे कमकुवत ठरते. त्याऐवजी नौकेची लांबी, वजन, जाळ्याचा प्रकार, किती वाव पाण्यात मासेमारी करावयाची हे लिहून "यासाठी योग्य मशीन सुचवावे" असे पत्र विक्रेत्याला दिले आणि त्याचे उत्तर जपून ठेवले, तर चित्र बदलते. एका ओळीचा हा फरक लाखो रुपयांचा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट स्वीकृतीची. माल ताब्यात आल्यावर वाजवी मुदतीत तो नाकारला नाही, किंवा मालकाप्रमाणे त्याचा वापर सुरू केला, तर तो स्वीकारला असे समजले जाते. त्यानंतर वस्तू परत करण्याचा हक्क सहसा राहत नाही, नुकसानभरपाई तेवढी मागता येते. येथे मच्छिमाराची कोंडी होते. मशीन गरम होते आहे हे १ ऑगस्टला कळले तरी नौका धक्क्याला बांधून ठेवणे त्याला परवडत नाही. कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, खलाशांना उचल दिलेली असते. तो तशीच नौका समुद्रात घालतो आणि विक्रेता नंतर म्हणतो की महिनाभर वापरून आता तक्रार करतात. निदान पहिल्याच दिवशी दोषाचे लेखी पत्र पाठवून, वापर केवळ नुकसान कमी राखण्यासाठी हक्क राखून करीत आहोत, असे नमूद करण्यास काहीच खर्च येत नाही.

तिसरी गोष्ट विलंबाची, आणि ती करार कायद्याशी निगडित आहे. मुदत हा कराराचा गाभा आहे असे दोन्ही पक्षांचे मत असल्याचे दिसले तरच उशिरामुळे करार रद्द करता येतो. भरपाईही विक्रेत्याला आधी कल्पना असलेल्या नुकसानीचीच मिळते. हे तत्त्व १८५४ मधील एका इंग्रजी खटल्यातून आले. एका पिठाच्या गिरणीचा मोडलेला दांडा पोहोचविण्यास उशीर झाला, गिरणी बंद पडली, पण दांड्यावाचून गिरणी थांबून राहील हे वाहतूकदाराला सांगितलेच नव्हते म्हणून बुडालेला नफा गिरणीवाल्याला मिळाला नाही. कोकणातला नौकामालकही बहुधा तेच करतो. "लवकर द्या" एवढेच तो सांगतो. मागणीपत्रावर "१ ऑगस्टला हंगाम सुरू होतो, त्यापूर्वी नौका मिळाली नाही तर मासेमारीचे नुकसान होईल" हे वाक्य लिहिलेले असेल तर हंगामाची भरपाई मागण्यास पाया मिळतो.

२०१९ च्या ग्राहक कायद्याने उत्पादन-दायित्व नावाचे नवे प्रकरण आणले तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले. नौकाखरेदीच्या संदर्भात त्याबद्दल जरा हात राखून बोलणे बरे. विक्रेत्याने निर्मात्याच्या हमीहून वेगळी स्वतःची हमी दिली असेल आणि वस्तू तिच्याशी जुळली नाही, किंवा जोडणी व तपासणीत त्याने पुरेशी काळजी घेतली नाही, तर त्याच्यावर दायित्व येते, ही तरतूद उपयुक्त आहे. परंतु या प्रकरणातील "हानी" या शब्दाच्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे झालेले नुकसान आणि व्यापारी वा आर्थिक तोटा वगळलेला आहे. सदोष मशीनचा स्फोट होऊन खलाशी जखमी झाला तर हे प्रकरण कामी येईल. मशीन बंद पडून हंगाम बुडाला तर नाही. त्यासाठी सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा याच जुन्या वाटांनी जावे लागेल.

कागदांच्या बाबतीत प्रतिनिधी हमखास सांगतो, "ते आम्ही पाहून घेऊ." नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना यांसाठी बांधणीचा दाखला व मशीनचे बीजक लागते, आणि त्यावरील मशीन क्रमांक प्रत्यक्ष मशीनवरील क्रमांकाशी जुळावा लागतो. क्रमांकातील एका अंकाच्या चुकीने नोंदणी अडते. नोंदणी अडली की परवाना अडतो आणि परवान्यावाचून समुद्रात जाता येत नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्यांना सर्वसाधारण गटात ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के साहाय्य ठेवण्यात आले. अशा साहाय्याचा हिशेब कागदांवरच होतो. दरपत्रक एका मशीनचे आणि पुरवठा दुसऱ्याच मशीनचा झाला तर झळ विक्रेत्याला बसत नाही, लाभार्थ्याला बसते. करआकारणीचाही फरक आहे. मासेमारी व प्रवासी नौकांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर करमणुकीच्या व क्रीडेच्या नौकांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. ही दरी पाहता, करमणुकीची नौका "मासेमारीच्या कागदांवर बसवून देतो" अशी सूचना करणारा प्रतिनिधी ग्राहकाचे हित पाहतो आहे असे कोणी समजू नये. बीजक खोटे ठरले तर कराची नोटीस, नोंदणीतील अडथळा आणि विमा कंपनीचा नकार या तिन्हींना नौकेच्या मालकालाच तोंड द्यावे लागेल.

पुराव्याच्या बाबतीत एक बदल लक्षात घेण्यासारखा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. मोबाइलवरील निरोप, ध्वनिमुद्रण, छायाचित्रे पुरावा म्हणून दाखल करता येतात, मात्र त्यांसोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. प्रतिनिधीशी फोनवर झालेले बोलणे त्याच संध्याकाळी वितरकाच्या अधिकृत पत्त्यावर लिहून पाठविणे हा सर्वांत साधा उपाय आहे. "आज आपल्या प्रतिनिधींनी पुढील गोष्टी मान्य केल्या" असे चार ओळींचे पत्र गेले आणि त्यावर हरकत आली नाही, तर पुढे तो माणूस नोकरी सोडून गेला तरी शब्द दप्तरात राहतो. लेखी करारातील अटींच्या विरुद्ध तोंडी बोलणे न्यायालय सहसा ऐकत नाही, म्हणून हे पत्र करारावर सही होण्यापूर्वी जाणे महत्त्वाचे.

दाद मागण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. वितरकाचे दुर्लक्ष तेवढ्यानेही कधी कधी दूर होते. परंतु एकट्या माणसाच्या तक्रारीपेक्षा अधिक परिणामकारक साधन किनाऱ्यावर आधीपासून आहे, ते म्हणजे मच्छिमारांच्या सहकारी संस्था. डिझेल, बर्फ, कर्ज यांत या संस्थांचा हात असतो. मशीनच्या खरेदीत मात्र प्रत्येक सभासद एकटाच दुकानात जातो. एका संस्थेच्या दहा सभासदांनी एकाच मसुद्यावर, एकाच मुदतीच्या अटीसह मागणी नोंदविली, रक्कम संस्थेमार्फत टप्प्याटप्प्याने दिली आणि शेवटचा हप्ता समुद्रातील चाचणीनंतरच देण्याची अट घातली, तर विक्री-प्रतिनिधीला नव्हे तर त्याच्या मालकाला बंदरावर यावे लागेल. ही चाचणी भरलेल्या नौकेने, बर्फ व डिझेलच्या वजनासह आणि निदान काही तास व्हावयास हवी. रिकाम्या नौकेने खाडीत मारलेल्या फेरीत कोणतेही मशीन चांगलेच वाटते.